पडद्याचं लेझर येणारा डॉक्टर तालुक्याला का मिळत नाही?

तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. कुणाच्या चष्म्याचा नंबर मोठा उणे असेल, तरीही आहे. आणि यातलं काहीच नसेल, तरी वाचाच. डोळ्यांचे डॉक्टर कसे घडवायचे, हा विषय आजवर आम्ही डॉक्टरांनी आपापसातच ठेवला आहे. ज्यांच्या डोळ्यांचा हा प्रश्न आहे त्या तुम्हाला यात कुणी विचारलेलं नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. नेत्ररोगाची एम.एस. किंवा डीएनबी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला तीन कामं स्वतःच्या हाताने करता आलीच पाहिजेत. एक, मधुमेहाने बिघडलेल्या पडद्यावर लेझर करणं. दोन, पडद्याला फट किंवा भोक पडलं असेल तर त्याभोवती लेझरचं कुंपण घालणं. तीन, डोळ्याच्या आत औषधाचं इंजेक्शन देणं. ही कामं नुसती पाहिलेली असून चालणार नाही, शेजारी उभं राहून मदत केलेली असूनही चालणार नाही. शिक्षकाच्या देखरेखीखाली स्वतः केलेली हवीत, आणि पुरेशी केलेली हवीत.

आज हे सगळीकडे होत नाही. मोतीबिंदू उत्तम काढणारा, पण पडद्याचं नाव निघालं की चिठ्ठी लिहून मोठ्या शहराकडे पाठवणारा तरुण डॉक्टर तुम्हाला सहज भेटेल. दोष त्याचा नाही. त्याला ते हातात धरून कुणी शिकवलेलंच नाही.

पडदा बिघडतो म्हणजे काय होतं?

डोळ्याच्या आतल्या भिंतीला एक पातळ, नाजूक थर चिकटलेला असतो. त्याला रेटिना म्हणतात. पुस्तकी मराठीत दृष्टिपटल, बोलताना आपण ‘पडदा’ म्हणतो. समोरचं दृश्य या पडद्यावर उमटतं आणि तिथून नसेतून मेंदूकडे जातं.

मोतीबिंदू आणि पडद्याचा आजार यांतला फरक इथेच लक्षात घ्या. मोतीबिंदू म्हणजे खिडकीची काच गढूळ होणं. ती काढून नवी बसवता येते, आणि चार महिने उशीर झाला तरी बहुतेक वेळा नजर परत येते. पडदा असा बदलता येत नाही. त्याचा जो भाग मेला, तो मेला. म्हणून पडद्याच्या आजारात वेळेला जेवढी किंमत आहे, तेवढी मोतीबिंदूत नाही.

मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. काही पाझरू लागतात, काही बंद पडतात. बंद पडलेल्या वाहिन्यांच्या पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. तो भाग उपाशी राहतो आणि रक्तासाठी मागणी करणारं एक रसायन सोडतो. त्या मागणीला प्रतिसाद म्हणून नव्या रक्तवाहिन्या फुटतात. पण त्या कच्च्या असतात. जरा ताण पडला की फुटतात आणि डोळ्यात रक्त उतरतं. पुढे त्यांच्याबरोबर वाढणारी जाळी पडद्याला ओढू लागते आणि पडदा सुटतो.

यावरचा लेझरचा उपचार शेतकऱ्याला चटकन समजतो. विहिरीचं पाणी आटलं की आपण काय करतो? टोकाचं रान सोडून देतो आणि आहे ते पाणी बागेला राखतो. लेझर तेच करतं. पडद्याच्या कडेच्या उपाशी भागावर साधारण १२०० ते १६०० ठिपके दोन-तीन बैठकांत दिले जातात. तो भाग शांत झाला की त्याची मागणी कमी होते, कच्च्या वाहिन्या सुकतात आणि मधली नजर वाचते. याची थोडी किंमतही असते. रात्रीचं आणि कडेचं दिसणं काहीसं कमी होऊ शकतं, लेझर करताना थोडं दुखूही शकतं. पण न केल्याची किंमत अंधत्व असू शकते.

सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे हे सगळं चालू असताना नजर बऱ्याचदा चांगली असते. रुग्ण वर्तमानपत्र वाचत असतो, मोटरसायकल चालवत असतो. ज्या दिवशी त्याला दिसेनासं होतं, त्या दिवशी लेझरची योग्य वेळ पुष्कळदा निघून गेलेली असते.

ही विद्या किती नवी आहे?

लेझर म्हटलं की लोकांना वाटतं, हे काहीतरी अगदी नवं आणि मोजक्याच तज्ज्ञांना जमणारं काम असणार. आम्ही डॉक्टरही हा समज दूर करायची फारशी घाई करत नाही. प्रत्यक्षात ही विद्या जुनी आहे.

१९४५ साली युरोपात सूर्यग्रहण झालं. ते उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजल्याचं प्रकरण जर्मनीतल्या गेर्ड मायर-श्विकेराट या डॉक्टरांसमोर आलं. त्यांच्या मनात आलं, प्रकाशाने पडदा भाजतो, तर हवा तिथेच आणि हवा तेवढाच भाजून उपचार का करता येऊ नये? १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सूर्याचाच प्रकाश आरशांमधून डोळ्यात सोडून उपचार सुरू केले. पुढे झेनॉन वायूचे दिवे आले आणि त्यानंतर लेझर आलं.

मधुमेहात याचा उपयोग होतो का, हे तपासायला अमेरिकेत सतराशेहून अधिक रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर उपचार केला, दुसरा तसाच ठेवला. उपचार केलेल्या डोळ्यांत गंभीर दृष्टिनाश निम्म्याहून अधिक कमी झाला. हे निष्कर्ष १९७६ साली बाहेर आले.

योगायोग पाहा. त्याच १९७६ साली आपल्याकडे अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचा सगळा भर मोतीबिंदूवर होता, आणि तेव्हा ते अगदी बरोबर होतं. देशातलं बहुतेक अंधत्व मोतीबिंदूमुळेच होतं. शिबिरं झाली, उद्दिष्टं ठरली, शस्त्रक्रियांचे आकडे मोजले जाऊ लागले. या कामाने लाखो लोकांना नजर दिली, त्याबद्दल दुमत नाही. पण जे मोजलं जातं तेच शिकवलं जातं. आपली नेत्रविभागांची शिकवणी मोतीबिंदूभोवती घडली आणि पडदा मागे राहिला.

आता रोग बदलला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासानुसार, जो २०२३ साली प्रसिद्ध झाला, देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम आढळला. म्हणजे शंभरातले सुमारे सतरा. त्यांतल्या सगळ्यांना लगेच उपचार लागत नाही. पण शंभर मधुमेहींमागे सुमारे चार जणांचा आजार नजरेला धोका पोहोचवण्याइतका वाढलेला असतो. एवढ्या संख्येला मोजक्या शहरांतले मोजके पडदातज्ज्ञ कसे पुरणार?

कुठली कामं, आणि कुठली नाहीत

इथे एक रेषा स्पष्ट आखतो, म्हणजे गैरसमज नको. सुटलेला पडदा परत बसवणं, डोळ्यातलं रक्त आणि जाळी काढणं, ही मोठी शस्त्रक्रिया आहे. ती विशेष प्रशिक्षण घेतलेल्या पडदातज्ज्ञानेच करावी. अकाली जन्मलेल्या बाळाच्या पडद्यावरचं लेझरही त्यांच्याकडेच राहावं. ही कामं प्रत्येक नेत्रतज्ज्ञाला यावीत असं माझं म्हणणं नाही.

वर सांगितलेली तीन कामं मात्र वेगळी आहेत. ती बाह्यरुग्ण विभागात होतात, भूल बहुतेक वेळा थेंबांचीच असते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

इंजेक्शनचंच घ्या. ऐकूनच अंगावर काटा येतो, हे मान्य. पण काम मोजकं आणि ठरलेलं आहे. डोळा बधिर करायचा, जंतुनाशकाने स्वच्छ करायचा, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे पांढऱ्या भागातून अगदी बारीक सुईने सुमारे ०.०५ मिलिलिटर औषध आत सोडायचं. म्हणजे जेमतेम एक थेंब. ब्रिटनमध्ये खास प्रशिक्षण दिलेल्या परिचारिका ही इंजेक्शनं देतात. तिथे परिचारिकेला जे शिकवता येतं, ते इथे तीन वर्षं नेत्ररोग शिकलेल्या डॉक्टरला शिकवता येत नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही.

पडद्याच्या फटीचं लेझरही असंच. डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखं होतं, काळे ठिपके किंवा जाळं तरंगू लागतं. अशा रुग्णाच्या पडद्याला ताजी, ओढली जाणारी फट सापडली आणि ती तशीच सोडली, तर निदान निम्म्या रुग्णांचा पडदा सुटतो. वेळेवर फटीभोवती लेझर केलं, तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येतं. लेझरला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. ते चुकलं तर मोठी शस्त्रक्रिया, मोठा खर्च, आणि तरीही पूर्वीची नजर येईलच असं नाही.

तीन वर्षांत काय शिकवलं जातं?

एमबीबीएसनंतर नेत्ररोगाचं पदव्युत्तर शिक्षण तीन वर्षांचं. या काळात निवासी डॉक्टर ओपीडी सांभाळतो, वॉर्ड पाहतो, रात्रपाळ्या करतो आणि शस्त्रक्रिया शिकतो. चांगल्या विभागातून बाहेर पडताना त्याच्या हातून शेकडो मोतीबिंदू झालेले असतात. काही ठिकाणी तेही होत नाहीत, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

पडद्याच्या बाबतीत चित्र विभागागणिक बदलतं. काही महाविद्यालयांत लेझर आहे, शिक्षक आहेत आणि मुलं उत्तम तयार होतात. काही ठिकाणी यंत्र आहे पण बिघडलंय, दुरुस्तीची फाइल फिरते आहे. काही ठिकाणी यंत्र चालू आहे पण पडदा शिकवणारा शिक्षकच नाही. आणि जिथे सगळं आहे, त्या मोठ्या संस्थांत वेगळीच अडचण. तिथे एम.एस. झाल्यावर पडद्याची फेलोशिप करायला आलेले डॉक्टर असतात. लेझरची खुर्ची त्यांच्या वाट्याला जाते. निवासी डॉक्टर मागे उभा राहून पाहतो आणि आपल्या नोंदवहीत लिहितो: ‘निरीक्षण केले’.

मग त्याला पडदा शिकायचा असेल तर काय? आणखी दीड-दोन वर्षांची फेलोशिप. ती बहुधा मोठ्या शहरातल्या संस्थेत. इतकी वर्षं घालवून, महागडी शस्त्रक्रिया शिकून बाहेर पडलेला डॉक्टर तालुक्याला परत जाईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याची यंत्रं, त्याचे सहकारी, त्याच्या मुलांची शाळा, सगळं शहरात. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण परिणाम असा की साधं लेझर येणारा डॉक्टरही शहरातच अडकतो. मधुमेह मात्र गावोगाव पोहोचला आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ती हीच गत.

अमेरिकेत यावर एक साधा उपाय आहे. तिथे निवासी प्रशिक्षण संपवताना कुठल्या गोष्टी किमान किती करायला हव्यात, याचे आकडेच ठरलेले आहेत. मोतीबिंदू ८६, मधुमेही पडद्याचं मोठं लेझर १०, डोळ्यातली इंजेक्शनं १०. आणि हे पडद्याच्या तज्ज्ञासाठी नाही, प्रत्येक नेत्रतज्ज्ञासाठी आहे. माझ्या मते दहा हा आकडा कमीच आहे. दहा लेझर करून कुणाचा हात बसत नाही. पण आकडा लिहिलेला असला की विभागाला यंत्र चालू ठेवावं लागतं, शिक्षकाला खुर्ची सोडावी लागते आणि विद्यार्थ्याला मागता येतं. ‘शिकवलं पाहिजे’ एवढं लिहून ठेवलं की कुणावरच काही बंधन येत नाही.

याची किंमत रुग्ण मोजतो

समजा, तालुक्याच्या गावापासून आत वीस किलोमीटरवर राहणारे एक काका आहेत. पंचावन्न वर्षांचे, बारा वर्षांपासून मधुमेह. तालुक्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पडदा पाहिला आणि अगदी बरोबर निदान केलं: कच्च्या रक्तवाहिन्या फुटल्यात, लेझर लागेल. पण लेझर त्यांच्याकडे नाही. शहराची चिठ्ठी दिली.

आता हिशेब करा. एसटीने जायला अर्धा दिवस. डोळ्यात थेंब घातल्यावर चार-सहा तास धूसर दिसणार, म्हणून सोबत मुलगा हवा. त्याचाही रोज बुडणार. पहिल्या दिवशी तपासणी, दुसऱ्या दिवशी लेझर, राहण्याची सोय स्वतः करा. असं दोन-तीन वेळा. पहिल्या बैठकीनंतर नजरेत काही फरक जाणवत नाही, कारण हा उपचार नजर वाढवायला नसून राखायला असतो. काका म्हणतात, "दिसतंय की चांगलं. सोयाबीन निघालं की जाऊ." दुसरी बैठक होत नाही. आठ महिन्यांनी एका सकाळी डोळ्यात रक्त उतरतं.

आम्ही डॉक्टर अशा वेळी नोंदवहीत लिहितो, ‘रुग्ण पुन्हा आला नाही’, आणि मनात म्हणतो, लोक निष्काळजी आहेत. मला हे पटत नाही. उपचार माणसाच्या आवाक्यात ठेवायचा नाही आणि तो पोहोचला नाही की त्यालाच दोष द्यायचा, हा आमचा सोयीस्कर न्याय आहे. धडगाव किंवा भामरागडहून निघणाऱ्या माणसाला अंतर म्हणजे काय, हे शहरातल्या क्लिनिकच्या खुर्चीतून कळत नाही. तेच लेझर तालुक्यातल्या डॉक्टरांनी केलं असतं, तर काका बाजाराच्या दिवशी येऊन दुसरी बैठक करून गेले असते.

"शिकाऊ डॉक्टरने माझ्या डोळ्याला हात लावायचा?"

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. आणि तो रास्त आहे. लेझर चुकून पडद्याच्या मध्यबिंदूवर पडलं तर कायमचा डाग राहतो. इंजेक्शनची सुई चुकीच्या जागी गेली तर आतल्या भिंगाला लागू शकते. इंजेक्शननंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण हजारात एकापेक्षाही कमी आहे, पण ज्याला होतो त्याची नजर जाऊ शकते. हे धोके झाकून मी तुम्हाला काही पटवणार नाही.

पण नीट विचार करा. प्रत्येक डॉक्टरच्या आयुष्यात पहिलं लेझर येणारच आहे. पाण्यात उतरल्याशिवाय पोहणं येत नाही, हे डॉक्टरलाही लागू आहे. प्रश्न एवढाच की तो पाण्यात उतरतो तेव्हा काठावर कुणी उभं आहे का.

रेसिडेन्सीत शिकवलं तर काठावर शिक्षक असतो. आधी प्लॅस्टिकच्या नमुना-डोळ्यावर आणि शेळीच्या डोळ्यावर सराव करता येतो. मग लेझरच्या यंत्राला शिक्षकासाठी दुसरी दुर्बीण जोडलेली असते, तिच्यातून त्याला तेच दिसतं जे विद्यार्थ्याला दिसतं. सुरुवात कडेच्या भागापासून होते, जिथे मध्यबिंदू दूर असतो. पहिले काही ठिपके शिक्षक देतो, पुढचे विद्यार्थी. हात बसला की पूर्ण बैठक. कुठेही शंका आली की शिक्षक खुर्ची परत घेतो.

आणि रेसिडेन्सीत नाही शिकवलं तर? तो डॉक्टर पदवी घेतो, दवाखाना काढतो, दोन वर्षांनी कर्ज काढून लेझरचं यंत्र आणतो. यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस एक दुपार बटणं समजावून जातो. त्यानंतरचा पहिला रुग्ण कोण? कदाचित तुम्ही. तुम्हाला सांगणारं कुणी नसतं की हे त्याचं पहिलं लेझर आहे, आणि त्याला सावरणारंही कुणी शेजारी नसतं.

म्हणून "निवासी डॉक्टरला पडद्याला हात लावू देऊ नका" असं जे सुरक्षिततेच्या नावाखाली म्हटलं जातं, त्याचा परिणाम नेमका उलटा होतो. शिकण्यातला धोका कमी होत नाही. तो फक्त शिक्षकाच्या नजरेआड जातो.

"आता कॅमेरे आले, औषधं आली, लेझर कशाला?"

दोन हुशार आक्षेप नेहमी येतात, त्यांचंही उत्तर देतो.

पहिला: आता गावागावात पडद्याचा फोटो काढणारे कॅमेरे येतील, संगणकच आजार ओळखेल. छान आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण कॅमेरा आजार शोधतो, बरा करत नाही. एका शिबिरात शंभर मधुमेहींचे फोटो काढले आणि चौघांना उपचार लागणार असं निघालं, तर त्या चौघांना पाठवायचं कुठे? परत त्याच दूरच्या शहरात? शोध वाढला आणि उपचार करणारे हात तेवढेच राहिले, तर आपण फक्त रांग लांबवली.

दुसरा: आता इंजेक्शनं इतकी प्रभावी आहेत की लेझर मागे पडलं. पडद्याच्या मध्यभागी सूज असेल तर इंजेक्शनं खरोखरच जास्त उपयोगी आहेत. कच्च्या रक्तवाहिन्यांवरही ती लेझरइतकीच चालतात, असं २०१५ साली एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. पण त्यात एक अट दडलेली आहे: रुग्ण ठरलेल्या वेळी पुन्हा पुन्हा आला पाहिजे. औषधाचा अंमल काही आठवड्यांचा. नुसत्या इंजेक्शनांवर असलेला रुग्ण मध्येच येईनासा झाला, तर त्याचा डोळा लेझर झालेल्या डोळ्यापेक्षा जास्त बिघडतो, हेही नंतरच्या अभ्यासांत दिसून आलं. लेझरचा परिणाम टिकतो. ज्या रुग्णाचं पुढचं येणं पावसावर, पिकावर आणि पैशावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी लेझर आजही मोठा आधार आहे. दोन्ही येणारा डॉक्टरच रुग्ण पाहून योग्य ते निवडू शकतो. ज्याला एकही येत नाही, तो फक्त चिठ्ठी लिहू शकतो.

तिसरा आक्षेप कुणी उघडपणे घेत नाही, म्हणून मीच बोलतो. साधं लेझर आणि इंजेक्शन सगळ्यांना येऊ लागलं, तर पडदातज्ज्ञांकडचा काही ओघ कमी होईल. आमच्या व्यवसायात ही भीती आहे. ती अनाठायी आहे, कारण वेळेवर सापडलेले आणि खरोखर गुंतागुंतीचे रुग्ण वाढतील आणि तेच त्यांचं खरं काम आहे. पण ती खरी असती, तरी एखाद्याच्या ओपीडीची गर्दी राखण्यासाठी दुसऱ्याचा डोळा जाऊ द्यायचा, हे कुठल्या शपथेत बसतं?

मग काय व्हायला हवं?

माझ्या मागण्या अशा आहेत:

१. प्रत्येक निवासी डॉक्टरने मधुमेही पडद्याचं लेझर, फटीभोवतीचं लेझर आणि डोळ्यातलं इंजेक्शन किमान किती वेळा स्वतः करायचं, याचा आकडा ठरवा. नुसतं पाहिलेलं त्यात धरू नका.

२. आकड्यावर थांबू नका. शिक्षकाने त्याला काम करताना पाहून ‘हा आता एकट्याने करू शकतो’ असं सही करून लिहून द्यावं.

३. चालू स्थितीतलं लेझर आणि पडदा शिकवणारा शिक्षक नसेल, तर त्या विभागाला नव्या जागा देऊ नका. शिक्षक नसल्यास जवळच्या संस्थेशी करार करून विद्यार्थ्याला काही महिने तिथे पाठवा.

४. मोठ्या संस्थांत फेलो आणि निवासी डॉक्टर दोघे असतील, तर साधी लेझरं निवासी डॉक्टरसाठी राखून ठेवा. फेलोने शस्त्रक्रिया शिकावी.

५. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करणं सक्तीचं आहे. त्या रुग्णालयात लेझर बसवा. शिकलेला हात तिथे कामाला येईल आणि जिल्ह्याला उपचार मिळेल.

६. आधीच व्यवसायात असलेल्या, पण ही कामं न शिकलेल्या डॉक्टरांसाठी काही आठवड्यांचं हातांनी शिकवणारं प्रशिक्षण सरकारी महाविद्यालयांत सुरू करा. त्यासाठी दवाखाना दोन वर्षं बंद ठेवायला लावू नका.

यातलं काहीही अशक्य नाही. नवं औषध शोधायचं नाही की परदेशातून तज्ज्ञ आणायचे नाहीत.

तुम्ही काय करू शकता?

मधुमेह असेल तर वर्षातून एकदा, नजर चांगली असली तरी, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडदा तपासणं नव्हे. वीज चमकल्यासारखं वाटलं, अचानक ठिपके वाढले किंवा एका बाजूने काळी सावली आली, तर त्याच दिवशी दाखवा. इंजेक्शननंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दिसणं कमी झालं, तर रात्र काढू नका.

लेझर सांगितलं तर डॉक्टरांना सरळ विचारा: "हे तुम्ही स्वतः करता का? किती केलीत? किती बैठका लागतील?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आणि शिकवण्याच्या रुग्णालयात गेलात, तिथे एखादा तरुण डॉक्टर म्हणाला की लेझर मी करणार आहे, तर लगेच ‘मोठ्या साहेबांनाच बोलवा’ म्हणू नका. एवढंच विचारा, "साहेब शेजारी असतील ना?" उत्तर ‘हो’ असेल आणि साहेब खरंच शेजारी बसले असतील, तर बिनधास्त हनुवटी त्या यंत्रावर टेकवा. उत्तर ‘नाही’ असेल, तर नकार द्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तुमच्या त्या होकारातून जो हात तयार होईल, तो उद्या तुमच्याच तालुक्यात कुणाच्या तरी आईची नजर राखेल.

आणखी एक. तुमच्या भागात नेत्रशिबिराचं उद्घाटन होतं, आमदार येतात, आरोग्य अधिकारी येतात, मोतीबिंदूच्या किती शस्त्रक्रिया झाल्या ते माइकवरून सांगितलं जातं. टाळ्या जरूर वाजवा, काम चांगलंच आहे. मग हात वर करून विचारा: "आणि पडद्याचं लेझर आपल्या तालुक्यात कधी होणार? ते करणारा डॉक्टर कुठल्या कॉलेजात तयार होतोय?" उत्तर मिळेपर्यंत दर शिबिरात विचारत राहा.